शालूबाईंच्या शेजारची जागा

सांगलीहून पाचगणीला पोहोचायला मला साडेतीन तास लागतात. त्या दिवशी मी तीन तासांत पोहोचले, यावरून राग किती होता ते समजून घ्या. कराड ते सातारा मी मनातल्या मनात भाषण तयार केलं आणि पसरणीचा घाट चढताना ते मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. गाडीत ऐकायला कोणी नव्हतं म्हणून बरं.

माझी मुलगी राजेश्वरी तेव्हा सहावीत, तिथल्या एका बोर्डिंग शाळेत होती. नवरा सैन्यात, दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि माझं सांगलीत औषधाचं दुकान, म्हणून तिला तिथं ठेवलं होतं. गॅदरिंगच्या नाचात तिला घेतलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तो नाच करून करून तिनं खालच्या मजल्यावरच्यांना जेरीस आणलं होतं. आणि गॅदरिंगला दहा दिवस राहिले असताना तिला नाचातून काढलं आणि पडदा ओढायच्या कामावर ठेवलं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. रविवारच्या फोनवर ती 'सगळं मस्त आहे' म्हणाली होती. मला कळलं ते आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणाच्या तरी आईनं रडका चेहरा टाकून लिहिलं होतं, 'राजेश्वरीसाठी वाईट वाटलं.' माझ्या मुलीसाठी परक्या बाईला माझ्याआधी वाईट वाटावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी दुकान मदतनीस बाईंवर सोडलं आणि निघाले.

मुख्याध्यापिका मीटिंगमध्ये होत्या. शिपायानं मला वसतिगृहाच्या शिवणखोलीत नेऊन बसवलं. तिथं खिडकीखाली एक लांब बाकडं होतं आणि बाकड्याच्या एका टोकाला शालूबाई बसल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन. ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, साडीवर मरून स्वेटर, जो त्यांच्या अंगावरून मी पुढे मे महिन्यातही उतरलेला पाहिला नाही. मांडीवर कपड्यांचा ढीग होता. शाळेतल्या सगळ्या मुलींचे कपडे एकदम धुवायला जातात, म्हणून प्रत्येक कपड्यावर त्या मुलीचा नंबर लाल दोऱ्यानं शिवलेला असतो. तो शिवायचं काम त्यांचं.

"राजेश्वरीची आई मी. सहावी," मी म्हणाले.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "डाव्या पायाचा मोजा लवकर फाटतोय तिचा."

ही गोष्ट मला माहीत नव्हती, त्यामुळे राग आणखी वाढला. मुख्याध्यापिकांसाठी आणलेलं भाषण मी शालूबाईंनाच ऐकवलं. त्यांनी ते सगळं ऐकलं. मधे फक्त एकदा दोरा तोडला.

"ह्ये तिनं तुमाला सांगितलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. मला बाहेरून कळलं."

"म्हंजे तिनं न्हाई सांगितलं."

"अहो, लहान आहे ती."

"हाय की." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "आवं ताई, तिनं लपवलं न्हाई काय. ती आजून त्यातच हाय. त्यातनं बाहेर पडली की सांगंल. तुमी आता आत जाऊन बोलला, तर बाई तिला परत नाचात घेतील बी. पर पुढच्या येळंला काय बिघडलं की ती तुमच्या गाडीची वाट बघत बसंल."

मी फुगून बसले. शालूबाईंनी एक शर्ट आणि चार बटणं माझ्यापुढे सरकवली. बसलाच आहात तर लावा, म्हणाल्या. मी, सांगलीतली दुकानदार, दिवसाला दोनशे माणसांशी वाद घालणारी, मुकाट्यानं बटणं लावायला लागले.

मग त्यांनी झालेलं सांगितलं. नाचातून काढलं त्या दुपारी राजेश्वरी रडत शिवणखोलीत आली होती. तिथं सगळ्याच मुली येतात. कुणी संघातून गळलेली, कुणाला मार्क कमी पडलेले, कुणाची मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला गेलेली. शालूबाई त्यांना जवळ घेत नाहीत, समजूत घालत नाहीत, घरी फोनही लावून देत नाहीत. त्या मुलीचाच काहीतरी कपडा शोधून काढतात आणि सुई हातात देतात. मुलगी बाकड्यावर शेजारी बसून शिवते. शालूबाई आपलं शिवतात. शिवून झालं की एकच प्रश्न विचारतात: मग आता तू काय करणार हायस? आणि उत्तर स्वतः कधीच देत नाहीत.

"माझी काय म्हणाली?"

"म्हणाली, बाईंस्नी इचारते माझं काय चुकतंय. गेली. इचारून आली. परत्येक येळंला एक ठेका आधी वळती म्हणं. मग परत बसली. आन मग तिनंच जाऊन पडदा मागून घेतला."

"मागून घेतला?"

"पडदा ठेक्यावर वडायचा आसतोय. म्हणाली, रोज बघून बघून ठेका पक्का हुईल."

मी बटण लावायचं थांबवलं. शिक्षा म्हणून दिलंय असं समजून ज्या पडद्यासाठी मी घाट चढून आले होते, तो तिनं स्वतः मागितला होता. खिडकीतून समोरचा हॉल दिसत होता. दार उघडं होतं. माझी मुलगी दोर धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होती. मला पळत जाऊन तिला उचलावंसं वाटत होतं. ती अकरा वर्षांची होती, उचलण्याजोगी राहिली नव्हती, तरीही.

"पोरी जात्यात लगेच उठून?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांची भाषा निघाली, एवढी मी गोंधळले होते. "म्हणजे, सगळ्या मुली शिवून झालं की जातात?"

"न्हाई. काही पोरी लावल्यालं बटण परत काढत्यात. परत पयल्यापासनं लावत्यात." शालूबाई हसल्या. "म्हंजे त्यास्नी आजून बसायचं आसतंय. मी काय बोलत न्हाई. बसू देतो."

त्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना आणि मुलीलाही न भेटता परत फिरले. साडेसहा तासांचा प्रवास, आणि कमाई चार बटणं. वाईत गाडी बाजूला घेऊन मी पोटभर रडले, ते कुणाला सांगितलेलं नाही.

राजेश्वरीनं ते सगळं मला नाताळच्या सुट्टीत सांगितलं. अगदी हसत, नक्कल करून, जणू दुसऱ्याच मुलीची गंमत. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. मला अभिमान वाटला, वाटणारच. पण खरं सांगायचं तर मला गोष्ट मिळाली होती, तीही पूर्ण झालेली. तिचं रडणं शालूबाईंच्या बाकड्यावर होऊन गेलं होतं.

त्यानंतर पाचगणीला गेले की मी आधी शिवणखोलीत जायची. शालूबाई कपड्यांचा ढीग सरकवून जागा करायच्या. मी सांगलीहून भडंग न्यायची, त्या कुठल्यातरी मुलीच्या घरून आलेली स्ट्रॉबेरी पुढे करायच्या. बटणं लावता लावता मला त्यांचं घर कळत गेलं.

त्या आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावच्या. नवरा आजारानं गेला तेव्हा मुलगी, अंकिता, सात वर्षांची होती. कुणीतरी ही नोकरी सुचवली. राहायची सोय होती, पण मुलीला ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून अंकिताला भावाकडे, जोतीरामकडे ठेवलं आणि शालूबाई दुसऱ्यांच्या दीडशे मुली सांभाळायला डोंगरावर आल्या. त्याला आता सोळा वर्षं झाली. दिवाळीला आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामं झालं की त्या घरी जायच्या. बाकी सगळी आई फोनवर. दर रविवारी संध्याकाळी चार ते पाच या वेळात मुली आपापल्या घरी फोन करायच्या, त्यांचं आटोपलं की शालूबाई कुंडलला लावायच्या.

"चौथीत हुती," एकदा त्या सांगू लागल्या. हात चालूच होता. "स्कॉलरशिपच्या परीक्षेत नापास झाली. फोनवर नुसती रडाय लागली. मला हितं नोकरीला तीन वर्सं झाली हुती, हितल्या पोरींवर माझं औषिध चांगलं चाललं हुतं. मी तिला बी त्योच सवाल केला. मग आता तू काय करणार हायस?"

"मग?"

"गप झाली. मग म्हणाली, करतो काय तरी. ठेवू?" त्यांनी दोरा तोडला. "त्या दिवसापास्नं ती माझ्याजवळ रडली न्हाई, ताई. खो-खोच्या संघातनं काढली, मला जोतीरामनं सांगितलं. नर्सिंगचा नंबर लागला न्हाई, ते बी जोतीरामनंच. तिला इचारलं तर म्हणती, झालं ते. जेवलो. मामी बरी हाय. ठेवू?"

बाहेर सिल्व्हर ओकच्या झाडांत धुकं शिरलं होतं. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले. म्हटलं, पोरगी खंबीर झाली, हे तुमचंच काम ना.

"आवं कसलं माझं." पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "हितल्या पोरींस्नी मी सुई देतो आन शेजारी बसतो. सवाल मागनं. तिला मी नुसता सवाल दिला. शेजारी कोन हुतं तिच्या? फोन हुता."

त्यांनी ढिगातला पुढचा कपडा ओढून नंबर शिवायला घेतला. शेवटी म्हणाल्या, "एकदा तिनं काय तरी मोडल्यालं घिऊन माझ्याजवळ यावं. मला बाकी काय नगं. मी काय बी सांगणार न्हाई तिला. नुसती जागा दीन."

मला घरी जाताना घाटभर तेच ऐकू येत राहिलं. मी व्हॉट्सॲपवरून मुलीची बातमी कळली म्हणून गाडी काढली होती. ही बाई वर्षानुवर्षं भावाच्या फोनवरून मुलीच्या बातम्या ऐकत होती आणि तिला गाडी काढता येत नव्हती.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात मी राजेश्वरीला सुट्टीसाठी न्यायला गेले. आता ती आठवी संपवून उंचीनं माझ्या कानाला लागलीय. शिवणखोलीत शालूबाई पिशवी भरून उभ्या होत्या. वसतिगृह पूर्ण रिकामं व्हायला अजून चार दिवस होते, पण त्यांनी रजा टाकली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा. सकाळी जोतीरामचा फोन आला होता. अंकिता तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून धावायची, दुपारी अभ्यास. आदल्या दिवशी यादी लागली आणि तिचं नाव दोन मार्कांनी हुकलं. ही तिसरी खेप होती. घरात ती कुणाशी काही बोलली नव्हती. म्हशींचं केलं, स्वयंपाक केला आणि झोपली.

"चला माझ्या गाडीत," मी म्हटलं. "कराडहून ताकारीवरून जाऊ. कुंडल वाटेतच आहे."

वाटेत आहे हे थोडं ओढूनताणून होतं, पण त्यांनी ते मान्य केलं. पुढच्या सीटवर त्या मांडीवर पिशवी धरून बसल्या. कराडच्या पुढे म्हणाल्या, "तिनं मला सांगितलं न्हाई. आन मी निगालोय. तुमाला मी काय बोललो हुतो?"

"आठवतंय मला."

"मग फिरवा गाडी."

"फिरवणार नाही," मी म्हणाले. "मी चार बटणं लावून परत गेले होते. तुम्ही नका जाऊ." मागच्या सीटवरून राजेश्वरीनं माझ्याकडे बघितलं. कुठली चार बटणं, हे तिला माहीत नव्हतं. मी काच खाली केली आणि उसाच्या रानांकडे बघत गाडी चालवली.

जोतीरामचं घर गावाच्या कडेला, पुढे सिमेंटचा कट्टा आणि त्याच्यापलीकडे द्राक्षाची बाग. अंकिता दोरीवर कपडे वाळत घालत होती. काटक, केस बारीक कापलेले, धावणाऱ्या मुलींसारखी उन्हानं रापलेली. आईला बघून तिचा हात दोरीवरच राहिला.

"आई? सुट्टी लागली व्हय इतक्यात?"

"व्हय," शालूबाई म्हणाल्या. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जसं खोटं बोलतं, तशा जमिनीकडे बघून.

अंकितानं आम्हाला कट्ट्यावर बसवलं, चहा केला, राजेश्वरीला शाळेचं विचारलं, मला सांगलीच्या उन्हाचं. इतकी नीट बोलत होती की माझ्या जिभेला खाज सुटली. मला विचारायचं होतं, बाई गं, तुझं काल मोडलंय ना, मग बोल की. मी तोंड उघडलं, तेवढ्यात राजेश्वरीनं माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात. माझ्या मुलीनं मला गप बसवलं आणि मी बसले.

शालूबाई दोरीकडे बघत होत्या. दोरीवर निळी ट्रॅकपँट होती, मांडीच्या बाजूनं शिवण वीतभर उसवलेली. त्यांनी पिशवीतून सुई-दोऱ्याचा डबा काढला. दोरा ओवायला गेल्या, पण दोन-तीनदा करूनही दोरा नेढ्यातून जाईना. राजेश्वरीनं न बोलता सुई घेतली, दोरा ओवला, परत दिला.

"ती पँट आण," शालूबाई अंकिताला म्हणाल्या. "उसवलीया."

"राहू दे. टाकून देणार हाय ती," अंकिता म्हणाली. "आता लागायची न्हाई."

तिनं सांगून टाकलं होतं, एवढ्या तीन शब्दांत, आणि ते तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती कपांचा ट्रे उचलून आत जायला निघाली. दारापर्यंत गेली. मी शालूबाईंकडे बघत होते. आता त्या विचारतील, मग आता तू काय करणार हायस. सोळा वर्षांची सवय होती. त्यांचे ओठ हललेही. पण त्यांनी विचारलं नाही. डबा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि कट्ट्यावर थोड्या सरकल्या. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

अंकितानं दारातून ती जागा बघितली. ट्रे आत ठेवून आली. दोरीवरची ट्रॅकपँट काढली, अजून ओलसरच होती, आणि आईशेजारी येऊन बसली. शालूबाईंनी सुई तिच्या हातात दिली. स्वतःला शिवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी साडीचा पदर मांडीवर घेतला आणि त्याची कड बोटानं सारखी करत बसल्या.

आमचं तिथं काही काम नव्हतं. मी राजेश्वरीला खूण केली. निघताना कुणी आम्हाला थांबवलं नाही, आणि त्याबद्दल मी जन्मात पहिल्यांदा रागावले नाही. अंगणात गाडी वळवायला जागा कमी होती. पुढे-मागे करत मी वळवत होते, तेव्हा उघड्या काचेतून अंकिताचा आवाज आला.

"दोन मार्कांनी गेलं, आई."

"व्हय?" शालूबाई म्हणाल्या. एवढंच.

"मम्मी, थांब जरा," राजेश्वरी हळूच म्हणाली.

मी ब्रेक दाबला. कट्ट्यावर अंकिता शिवणीच्या टोकाला पोहोचली होती. वीतभर शिवण, नीट, एकसारख्या टाक्यांची. आता गाठ मारून दोरा तोडायचा राहिला होता. तिनं पँट उजेडात धरून बघितली. मग सुईच्या टोकानं शेवटचा टाका उचलला, त्याच्या आधीचा उचलला, आणि दोरा ओढून सगळी शिवण उसवून टाकली. आईकडे न बघता पहिल्यापासून पुन्हा घालायला लागली.

शालूबाई पदराची कड सारखी करत राहिल्या.